भजनाचा टॅब व त्याची तिवई

गेल्या वैशाखांत मुरबाड तालुक्यांतील एका गांवीं अखंड हरिनाम सप्ताहाच्या सहाव्या दिवशीं जाण्याचा मला योग आला. मंडप गांवाबाहेरच्या भातखाचरांत घातला होता. पीक केव्हांच निघून गेल्यामुळें जमीन मोकळी, पण ढेकळांनीं व धसकटांनीं खडबडीत झालेली होती. तिन्हीसांजेचा हरिपाठ आटोपला, टाळकरी दोन्ही बाजूंस उभे राहिले, आणि बुवांनीं वीणा गळ्यांत घालून एक गौळण आरंभिली. त्यांच्या समोर छातीइतक्या उंचीच्या तीन पायांच्या लोखंडी स्टँडवर टॅब लावलेला होता. टॅब म्हणजे काय, हें आतां कोणा विद्यार्थ्यास सांगावयास नको. स्टँड उभा केला होता मीं. ही गोष्ट आरंभींच सांगून टाकतों, म्हणजे पुढें जें घडलें त्याचा दोष दुसऱ्या कोणाकडे जाणार नाहीं.

पूर्वेकडे, माळशेजच्या अंगास, आभाळ दाटून आलें होतें. एकाएकीं वळवाचा वारा सुटला. मंडपाची एक कनात दोरी तोडून फडफडली; स्टँड क्षणभर दोन पायांवर तोलला आणि बुवांच्या अंगावर येतां येतां बाजूस कोसळला. दांडा एका सात-आठ वर्षांच्या टाळकरी मुलाच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर आदळला. टॅब चापांतून निसटून कांचेवर पडला व अंधारला. भजन थांबलें नाहीं. गौळणीचीं पहिलीं दोन कडवीं बुवांना पाठ होतीं, पुढचें कांहीं केल्या आठवेना. त्यांनीं धृपदच तीन वेळां घोळवून गौळण उतरविली. आरती झाल्यावर त्यांनीं टॅब हातांत घेतला, कोळ्याच्या जाळ्याप्रमाणें पसरलेल्या भेगांवरून अंगठा फिरविला आणि मला म्हणाले, “मास्तर, आमची वही भिजायची, फाटायची, पण पडून कधीं फुटली नव्हती.”

या बोलण्यास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या टॅबांत बुवांच्या वडिलांच्या हातच्या तीन वह्यांचीं छायाचित्रें होतीं. मूळ वह्या एका आषाढांत कौलांतून गळलेल्या पाण्यानें भिजल्या, पानें एकमेकांस चिकटलीं. आपल्या शाळेच्या चार मुलांनीं तीं सावलींत वाळवून, हलक्या हातानें सोडवून, एकेक करून टिपून घेतलीं होतीं. पुढें कागदाचा भुगा झाला. छायाचित्रांची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती. ती काढावयाची राहून गेली होती, आणि तीहि माझ्याचकडून.

त्या रात्रीं घरीं परततांना एकच विचार मनांत घोळत होता, कीं स्टँड पडला तो वाऱ्याच्या बळानें पडला कीं माझ्या अज्ञानानें? शाळेंत परतल्यावर मुलांना बरोबर घेऊन या प्रश्नाचा हिशेब मांडला. तोच येथें देत आहें.

कांहीं जाणते गृहस्थ म्हणतील कीं, गाणाऱ्यास समोर लिखाण लागावें हेंच मुळीं कमीपणाचें आहे. ख्यालगायकाच्या बाबतींत हें खरें मानतां येईल. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) व पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) या दोघांनीं स्वरलेखनाच्या निरनिराळ्या पद्धति तयार केल्या, परंतु त्या शिकण्याशिकविण्यासाठीं व चिजा जतन करण्यासाठीं. मैफलींत कागद पुढें ठेवून गाण्याची चाल त्यांच्यामुळें पडली नाहीं. भजनाची गोष्ट निराळी. एकट्या तुकोबांच्या गाथेंत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. त्यांत ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, जनाबाई, चोखामेळा यांची भर घाला, शिवाय गौळणी, भारुडें व आरत्या आहेतच. सप्ताहांत रात्रंदिवस पाळीपाळीनें उभें राहणाऱ्या मंडळास हें सर्व मुखोद्गत असणें शक्य नाहीं. म्हणून वही ही भजनांत पूर्वीपासूनच आहे. टॅबनें तिची जागा घेतली ती दोन कारणांनीं. त्यावरील अक्षर हवें तितकें मोठें करतां येतें, आणि तें अंधारांतहि दिसतें. ज्यांची साठी उलटली आहे आणि ज्यांच्या गांवांत ऐन भजनाच्या वेळीं वीज जाते, त्यांना या दोन गुणांचें मोल सांगावें लागत नाहीं.

परदेशांतील वादकहि याच वाटेनें गेले आहेत. ॲपल कंपनीचा आयपॅड २०१० च्या एप्रिल महिन्यांत बाजारांत आला. २०१२ सालीं बेल्जममधील ब्रुसेल्स फिलहार्मोनिक या वाद्यवृंदानें कागदी स्वरपत्रांऐवजीं टॅब पुढें ठेवून जाहीर कार्यक्रम केला. मात्र तेथें बंदिस्त सभागृह, सपाट जमीन आणि खुर्च्यांवर बसलेले वादक. आपल्याकडे भातखाचर आणि माळशेजचा वारा. तेव्हां त्यांची रीति आपणांस जशीच्या तशी उपयोगी पडत नाहीं.

खरें पाहतां आपल्या पोथी वाचणाऱ्यांनीं या प्रश्नाचें उत्तर फार पूर्वीच काढून ठेवलें आहे. पारायणांतील ठवणी सर्वांनीं पाहिली असेल. एकाच फळींतून कोरून काढलेलीं, एकमेकांत अडकलेलीं दोन पातीं. उघडलीं कीं कातरीसारखीं उभीं राहतात आणि पोथी त्यांच्या कुशींत बसते. ना खिळा, ना मळसूत्र. ठवणी पडल्याचें मीं कधीं ऐकलें नाहीं. तिचें रहस्य तिच्या आकारांत आहे. पोथी जमिनीपासून वीतभरच उंच असते, आणि ठवणीचे पाय जवळजवळ तितकेच लांब पसरलेले असतात. माझा स्टँड चार फूट उंच होता आणि त्याचे पाय मध्यापासून वीतभरापेक्षां फारसे लांब नव्हते. ठवणी ही बसलेली म्हैस, तर माझा स्टँड म्हणजे एका पायावर उभा असलेला बगळा.

आतां थोडें पदार्थविज्ञान. कोणत्याहि वस्तूचें सर्व वजन जणूं एका बिंदूंत एकवटलें आहे असें मानतां येतें. त्या बिंदूस गुरुत्वमध्य म्हणतात. त्यांतून खालीं सोडलेला ओळंबा पायांनीं व्यापलेल्या जागेच्या आंत पडत आहे तोंवर वस्तु उभी राहते. तो त्या जागेबाहेर गेला कीं ती कोसळते. वारा नसेल तर एवढाच नियम पुरे. वारा आला कीं दुसरा हिशेब सुरू होतो.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. ताशीं ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर वेगाचा वारा घेऊं. ब्रिटिश आरमारांतील अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट यानें १८०५ च्या सुमारास वाऱ्याच्या ज्या पायऱ्या ठरविल्या, त्यांतील पांचव्या पायरींत हा वारा येतो, आणि त्यानें पालवीचीं लहान झाडें डोलूं लागतात. म्हणजे हें वादळ नव्हे. वळवाच्या आधीं असा वारा आपल्याकडे नेहमींच सुटतो. हवेची घनता दर घनमीटरास सुमारें १.२ किलोग्रॅम धरली तर या वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरसमीटरास ६० न्यूटन येतो. सपाट फळीच्या पाठीमागें भोंवरे होऊन जी आणखी ओढ लागते ती धरून ७२ न्यूटन समजूं. आमचा टॅब सुमारें २५ सेंटीमीटर लांब व साडेसतरा सेंटीमीटर रुंद होता. त्यावर येणारा जोर तीन न्यूटनांहून किंचित् अधिक भरतो; सव्वातीनशें ग्रॅमांचें वजन उचलावयास जेवढा जोर लागतो तेवढा.

हा आंकडा फळ्यावर मांडला तेव्हां एक मुलगा म्हणाला, “सर, एवढ्यानें काय होतें? माझी पाण्याची बाटलीसुद्धां याहून जड आहे.” त्याचें म्हणणें चूक नव्हतें. परंतु जोर किती, यापेक्षां तो किती उंचीवर लागतो हें अधिक महत्त्वाचें. पहारीनें धोंडा उचलतांना आपण तिचें टोंक धरतों, मध्य धरीत नाहीं. दार लोटतांना बिजागरीपाशीं हात लावीत नाहीं. जोर व अंतर यांच्या गुणाकारानें वस्तु उलथते. सोयीसाठीं या गुणाकारास आपण उलथवणी म्हणूं. टॅब जमिनीपासून १.२ मीटर उंच होता. म्हणून वाऱ्याची उलथवणी ३.१५ गुणिले १.२, म्हणजे सुमारें ३.८ झाली. तिला विरोध करणारी शक्ति स्टँडच्या वजनाची. टॅब धरून आमचा स्टँड दोन किलोचा, म्हणजे सुमारें २० न्यूटनांचा होता. ही शक्ति पायांच्या टोंकाशीं जो आधार मिळतो त्याच्या अंतरावर अवलंबून असते. तिला सावरणी म्हणूं.

येथेंच माझी चूक उघडी पडली. पाय मध्यापासून २५ सेंटीमीटर पसरलेले होते, म्हणून मी समजत होतों कीं आधार सर्व बाजूंनीं २५ सेंटीमीटरांचा आहे. तसें नसतें. तीन पायांचीं टोंकें रेघांनीं जोडा. एक समभुज त्रिकोण होईल. मध्यापासून त्याचा प्रत्येक कोन २५ सेंटीमीटर दूर आहे, पण प्रत्येक बाजू अवघी साडेबारा सेंटीमीटर. स्टँड उलथतो तो कोनावरून नव्हे, बाजूवरून उलथतो. दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे वारा ढकलीत असेल, तर सावरणी २० गुणिले ०.१२५, म्हणजे अडीचच. उलथवणी ३.८ आणि सावरणी २.५, तो पडला यांत नवल तें काय!

आणि आतां गंमत पाहा. वारा ज्या दिशेस ढकलीत आहे, नेमका त्याच दिशेस एक पाय रोखून स्टँड उभा केला तर उलथवणी शेजारच्या दोन बाजूंवर निम्मी निम्मी विभागली जाते. त्यामुळें स्टँड पाडावयास दुप्पट जोर लागतो. सावरणी अडीचाची पांच होते. म्हणजे त्या सायंकाळीं एका पैशाचाहि खर्च न करतां, दोराचा तुकडाहि न लावतां, स्टँड केवळ जागच्या जागीं फिरवून ठेवला असता तर तो त्या वेगाच्या वाऱ्यांत उभा राहता. वारा पूर्वेचा होता. एक पाय पश्चिमेस हवा होता, आणि मीं दोन पाय पश्चिमेस ठेवले होते, कारण तसा तो दिसावयास बरा दिसत होता.

हें पुस्तकी गणित आहे अशी शंका कोणास येईल, तर प्रयोग सोपा आहे. आपल्या प्रयोगशाळेंतील ताणकाटा घ्यावा. टॅबऐवजीं तेवढ्याच वजनाची लांकडी पाटी चापांत बसवावी, खालीं गोधडी अंथरावी, आणि पाटीच्या मध्याशीं दोरा बांधून ताणकाट्यानें तो आडवा ओढावा. विरुद्ध बाजूचा पाय जमीन सोडूं लागला कीं काट्यावरील आंकडा वाचावा. प्रथम दोन पायांच्या मधल्या दिशेनें ओढावें, मग एका पायाच्या दिशेनें. आम्ही ओढलें तेव्हां दुसऱ्या वेळीं जवळजवळ दुप्पट ताण लागला. अगदीं दुप्पट न येण्याचें कारण असें कीं, चाप एका अंगास थोडा झुकलेला होता. तो झुकावहि लक्षांत घेण्याजोगा आहे. टॅब वाचणाऱ्याकडे पुढें काढलेला असेल, तर ज्या अंगास बोजा झुकतो त्या अंगाखालीं एक पाय असलाच पाहिजे. पुष्कळसे स्टँड वाऱ्यावांचूनच पडतात ते याच कारणानें.

वाऱ्याची दिशा बदलली तर काय करावें? वजन वाढवावें, आणि तें खालीं वाढवावें. दोन लिटर पाण्याच्या भरलेल्या बाटलीचें वजन दोन किलो असतें. ती स्टँडच्या दांड्यास, पाय जेथें फुटतात तेथें, घट्ट बांधली कीं एकूण वजन दुप्पट होऊन वाईटांतल्या वाईट दिशेसहि सावरणी पांचावर जाते. पाय योग्य दिशेस असेल तर दहावर. बाटली काठोकाठ भरावी. अर्धी भरली तर पाणी डचमळतें. वाळूची पिशवी त्याहून बरी. पिशवी लोंबती ठेवूं नये, नाहींतर ती घड्याळाच्या लंबकाप्रमाणें झुलते. जमिनीवरहि टेकवूं नये, कारण मग तिचें वजन स्टँडच्या कामीं येत नाहीं. पायांवर आडवी टाकावयाची असल्यास ज्या बाजूनें वारा येतो त्या बाजूच्या पायावर टाकावी. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे उंची कमी करणें. बसून गावयाचें असेल तर टॅब ४५ सेंटीमीटरांवर पुरतो, आणि तेथें त्याच वाऱ्याची उलथवणी १.४ एवढीच भरते. बैठकीच्या भजनांत मी तर म्हणेन कीं ठवणीच वापरावी. पुढच्या कडेस बोटभर रुंदीची पट्टी मारावी, कोपऱ्यांखालीं सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवावे, कीं काम झालें. पेटीच्या माथ्यावर टॅब ठेवण्याची जी चाल पडत आहे ती मात्र चांगली नाहीं. भात्याच्या प्रत्येक ओढीबरोबर पेटी हालते, टॅब कणाकणानें सरकत जातो, आणि शिवाय स्वर कोंडला जातो.

जमिनीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण शहापूर-मुरबाडकडील बहुतेक कार्यक्रम मातीवर किंवा फळ्यांच्या व्यासपीठावर होतात. ढेकळांत एक पाय अर्धा इंच रुतला तर १.२ मीटर उंचीवर टॅब सुमारें दीड इंच झुकतो. म्हणून तिन्ही पायांखालीं एकच फळी घ्यावी. जाजमाच्या वळीवर पाय ठेवूं नये. फळ्यांच्या व्यासपीठावर नाचणारे असतील, किंवा हळदीच्या कार्यक्रमाप्रमाणें मोठे भोंगे दणदणत असतील, तर स्टँड फळीच्या मध्यावर न ठेवतां तिच्या खालीं जेथें टेकू आहे तेथें ठेवावा. टेकूवरची फळी कमी लवते. व्यासपीठावर चढून दोनदां पाय आपटून पाहिलें कीं टेकू कोठें आहे तें आपोआप कळतें.

एवढा वेळ स्टँड पडण्याचें झालें. टॅब स्टँडमधून निसटणें ही निराळी आपत्ति आहे, आणि तिचें मूळ बहुधा आट्यांत असतें. छायाचित्रकाराच्या तिवईचा खिळा पाव इंच जाडीचा असून त्यास इंचास २० आटे असतात. ध्वनिक्षेपकाच्या स्टँडवर मात्र कोठें ५/८ इंच जाडीचा, इंचास २७ आट्यांचा, तर कोठें ३/८ इंच जाडीचा, इंचास १६ आट्यांचा खिळा आढळतो. एकाचा चाप दुसऱ्यावर बसविण्यासाठीं मध्यें पितळी कडी लागते. ती नसली कीं मंडपवाल्याचा मुलगा चाप तिरपा धरून जोरानें दोन आटे चढवितो; तो बसल्यासारखा वाटतो, पण आटे चावलेले असतात आणि अर्ध्या तासाच्या थरथरीनें तो सुटतो. बोटांनीं, जोर न लावतां, चार-पांच वेढे सरळ फिरत नसतील तर तो चाप त्या स्टँडचा नव्हे असें समजावें. चापहि दोन प्रकारचे मिळतात, स्प्रिंगचे व मळसूत्राचे. स्प्रिंगचा चाप लावावयास सोपा, परंतु टॅबवर जाड आवरण असलें तर त्याचे ओठ कडेवर पुरते बसत नाहींत. माझा चाप स्प्रिंगचाच होता. मळसूत्राचा चाप घ्यावा, आवरणासह माप घेऊन घ्यावा, आणि टॅब त्यांत बसविल्यावर गोधडीवर उपडा धरून एकदां चांगला हालवून पाहावा.

इतकें करूनहि जें निसटावयाचें तें निसटतें, म्हणून शेवटीं दोरी हवी. नाटकगृहांत डोक्यावरील प्रत्येक दिव्यास त्याच्या पकडीखेरीज पोलादी दोरखंडाचा एक स्वतंत्र फांस असतो. तीच युक्ति येथें लागू करावी. १.२ मीटर उंचीवरून सुटलेली वस्तु अर्ध्या सेकंदांत जमीन गांठते व त्या वेळीं तिचा वेग ताशीं सतरा किलोमीटरांवर गेलेला असतो. डोळ्यांनीं पाहून हात हालूं लागावयासच सेकंदाचा सुमारें पांचवा भाग जातो, आणि गाणाऱ्याचे हात तर वीण्यावर किंवा टाळांत गुंतलेले. दोरी टॅबच्या आवरणास घट्ट बांधून तिचें दुसरें टोंक दांड्यास बांधावें, चापास नव्हे. चापच सुटला तर दोरीहि त्याच्याबरोबर जाईल. ती किती मजबूत हवी? अर्ध्या किलोचा टॅब २० सेंटीमीटर खालीं आला आणि दोरीनें त्याला एका सेंटीमीटरांत थोपविलें, तर तिच्यावर सरासरी १०० न्यूटन, म्हणजे दहा किलोच्या वजनाएवढा ताण येतो. शिवणाचा दोरा यापुढें टिकणार नाहीं. नायलॉनची बारीक दोरी सहज टिकेल. दोरी जितकी आंखूड ठेवाल तितका झटका कमी.

विजेची तार ही सर्व पडझडींची गुप्त सूत्रधार होय. आपल्या नाताळच्या कार्यक्रमांत गायनवृंदाच्या रांगेमधून अशी एक तार गेली होती; तींत कोणाचा पाय अडकला नाहीं हें आपलें भाग्य. टॅब घरून पूर्ण भरून न्यावा. तो उतरतच असेल तर पॉवर बँक स्टँडच्या पायाशीं बांधावी. तिचें वजनहि कामास येतें. तार अपरिहार्यच असेल तर ती दांड्यास दोन ठिकाणीं बांधून सरळ खालीं सोडावी.

पान उलटण्याचा धक्काहि लहान समजूं नये. तालाच्या भरांत बोटाचा जो फटकारा बसतो तो त्या वाऱ्याइतका सहज असतो. पायानें दाबून पान उलटण्याची पट्टी मिळते, परंतु पावली खेळणाऱ्या बुवांच्या ती काय उपयोगाची! त्यापेक्षां एक मुलगा शेजारीं उभा करावा आणि त्यानें एक हात टॅबच्या पाठीशीं धरून दुसऱ्यानें पान उलटावें. मधेंच दुसरें कांहीं उघडूं नये म्हणून अँड्रॉइडच्या टॅबांत ‘ॲप पिनिंग’ व आयपॅडमध्यें ‘गायडेड ॲक्सेस’ अशी सोय असते; ती आधीं लावून ठेवावी.

ऊन व दंव यांचेंहि भय आहेच. ॲपल कंपनी आपल्या आयपॅडसाठीं सभोंवारच्या हवेची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगते, आणि आपल्याकडे वैशाखांत दुपारीं ती सावलींतच ओलांडली जाते. उन्हांत ठेवलेला टॅब कार्यक्रमाच्या आधींच आपला आपण बंद पडतो. पौषांत उलट प्रकार. पौषी पौर्णिमेला म्हसा येथें म्हसोबाची मोठी यात्रा भरते, जनावरांचा बाजार भरतो, आणि उघड्यावरील रात्रीच्या कार्यक्रमांत कांचेवर दंव धरतें. दंवाच्या थेंबांना टॅब बोट समजतो व पानें भलतीकडे पळवितो. खिशांत कोरडें सुती फडकें असावें. यात्रेच्या गर्दींत चोरीचेंहि भय आहे. चापाला किल्ली नसते. टॅब सिमकार्डाचा असेल तर त्याचा आय. एम. ई. आय. क्रमांक घरीं लिहून ठेवावा, म्हणजे तो हरवल्यास केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या २०२३ च्या मे महिन्यांत सुरू झालेल्या सोयीमार्फत बंद करवितां येतो. बंद झालेला टॅब चोरास निरुपयोगी होतो. आपणांस तो परत मिळेलच असें मात्र नाहीं.

आतां त्या तीन वह्यांकडे वळूं. कल्याणच्या एका कारागिरानें फुटलेली कांच काढून आंतील स्मृतिपट्टी शाबूत असल्याचें सांगितलें, परंतु हवा असलेला भाग यावयास तेरा दिवस लागले. त्या तेरा दिवसांत बुवांनीं दोनदां निरोप पाठविला. एकदां विचारलें, “सांपडलीं का?” आणि दुसऱ्यांदा नुसतेंच, “मास्तर बरे आहेत ना?” मला दुसऱ्या निरोपाचीच अधिक लाज वाटली. छायाचित्रें सर्व मिळालीं. त्याच दिवशीं त्यांच्या तीन प्रती केल्या; एक शाळेच्या संगणकांत, एक बुवांच्या नातवाकडे आणि एक लहान पेनड्राइव्हवर, जी आतां शाळेच्या कपाटांत आहे. शिवाय सप्ताहांत लागणारीं पदें मोठ्या अक्षरांत कागदावर छापून, शिवून, त्यांची एक वही केली. ती बुवांच्या घरीं ठवणीवर असते, आणि कार्यक्रमास जातांना टॅबच्या पिशवींत.

गेल्या माघांत शहापूर तालुक्यांत किन्हवलीच्या बाजूस एका गांवीं बुवांना पुन्हां बोलावणें आलें. आम्हीं पाण्याची बाटली बांधली, गांवकऱ्यांना वाऱ्याची दिशा विचारून स्टँडचा पाय वळविला, फळी बसविली. दोरी बांधावयाची वेळ आली तेव्हां मीं घातलेली गांठ बुवांनीं पाहिली, मान हालविली, सोडली आणि स्वतः दुसरी घातली. “ही दाव्याची गांठ,” ते म्हणाले, “बैल ओढतो तसतशी आवळते.” मग त्यांनीं वीणा गळ्यांत घातली. रात्रीं वारा सुटला, पण बेताचा. टॅब नुसता थोडा थरथरला. तीच गौळण त्यांनीं म्हटली आणि तिसरें कडवें आलें तेव्हां टॅबकडे न पाहतांच म्हटलें. तेरा दिवस वाट पाहतां पाहतां तें त्यांना आठवलें होतें, असें मागाहून कळलें.